डोंगरे सरांचं बंदर

पांढुर्ण्यात संध्याकाळी डोंगरे सरांकडे काम निघालं तर त्यांच्या घरी जाण्यात अर्थ नसे. सरळ जाम नदीच्या पुलावर जायचं. पुलाच्या मध्यावर, कठड्याला टेकून, पांढरा इस्त्रीचा सदरा घातलेले सर उभे असत. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव. वहिनींचं, म्हणजे सरांच्या पत्नीचं, माहेर सावरगावचं. नवराबायको घरून सोबत निघत, पुलाच्या मध्यापर्यंत सोबत येत, मग सर थांबत आणि वहिनी एकट्या पुढे जात. भावाच्या घरी चहा घेऊन त्या परत येईपर्यंत सर तिथेच उभे. मग दोघं पुन्हा सोबत घरी. पाऊस असला तर सर छत्री उघडून उभे राहत, पण मध्याच्या पुढे पाऊल टाकत नसत.

मी सौंसरचा. रोज बसने पांढुर्ण्याला येऊन सरांच्याच शाळेत गणित शिकवायचो. सर इतिहास-भूगोल शिकवत. नवा होतो तेव्हा पुलावरचा हा प्रकार पाहून मला वाटलं, काहीतरी मानपानाची भानगड असेल. जावई लोक कशावरून रुसतील याचा आमच्याकडे नेम नाही. पण कारण तेवढं हलकं नव्हतं, हे मला पहिल्याच पोळ्याला कळलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जामच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, आणि दोन्ही काठांवर उभी राहून दोन्ही गावं एकमेकांवर गोटे मारतात. हीच गोटमार. बाहेरचे लोक ऐकून तोंडात बोटं घालतात. दोन्ही गावांत घरोघरी सोयरिकी आहेत, आदल्या दिवशी ज्याच्या घरी पुरणपोळी खाल्ली त्याच्याच अंगावर दुसऱ्या दिवशी गोटा जातो. झेंडा देवीच्या देवळात पोचला की संपलं. मग लोक एकमेकांच्या घरी जाऊन जखमांची चौकशी करतात, हळद लावतात, चहा पितात. फक्त एक गोष्ट कोणी करत नाही. कोणाचा गोटा कोणाला लागला, हे विचारत नाहीत आणि सांगतही नाहीत. तसं विचारणं म्हणजे गावाची रीत मोडणं. मला ही रीत शहाणपणाची वाटायची. ती नसती तर दोन्ही गावांना एकमेकांचं तोंड पाहणं जड गेलं असतं.

सरांचं लग्न झालं त्याच वर्षी गोटमारीत वहिनींचा धाकटा भाऊ मुरलीधर याच्या डाव्या डोळ्याला गोटा लागला आणि तो डोळा गेला. तेव्हापासून सर सावरगावात गेले नाहीत. मुरलीधरने निरोप धाडले, स्वतः येऊन आमंत्रणं केली, सणावाराला वहिनींनी विनवण्या केल्या. सर हो म्हणत आणि पुलाच्या मध्यावर थांबत. शाळेत सगळे म्हणत, सर फार हळवे, गावाच्या वतीने स्वतःला शिक्षा करून घेतात. मीही तसंच समजत होतो. थोडा रागही यायचा. एवढी काय ती लाज, एकदा जाऊन जेवून यावं आणि मोकळं व्हावं, असं मला वाटे. एकदा तसं बोलूनही दाखवलं. सरांनी संत्र्याची साल अखंड सोलून माझ्या हातात ठेवली आणि फोडी स्वतः खाल्ल्या. हे त्यांचं उत्तर देण्याचं नेहमीचं तंत्र होतं.

वर्गात मात्र हा माणूस निराळाच असे. आमच्या शाळेत खडू फेकून मारणं ही मास्तरांची रोजची कसरत होती, आणि माझा नेम तर बऱ्यापैकी होता. सरांनी कधी खडूचा तुकडाही फेकला नाही. शेवटच्या बाकावरचं पोरगं झोपलं तर सर चालत तिथपर्यंत जात आणि त्याच्या शेजारी बसून पुढचा धडा शिकवत. पोरांना गोट्याही खेळू देत नसत. एकदा बसस्टँडकडे जाताना एक कुत्रं आमच्या अंगावर आलं. मी दगड उचलायला वाकलो तर सरांनी माझं मनगट धरलं आणि कुत्रं पळून जाईपर्यंत सोडलं नाही. बोटांचे वळ उठले होते. मी चिडलो, ते ओशाळले, आणि मग चहा पाजला.

त्यांच्या शिकवण्यात जगातली सात आश्चर्यं यायची. त्यातली सहा ते एका तासात उरकत आणि सातव्याला तीन दिवस घेत. ग्रीसच्या समुद्रात ऱ्होड्स नावाचं बेट, त्याच्या शहराला बंदर, आणि बंदराच्या तोंडाशी सूर्यदेवाचा काशाचा पुतळा. एक पाय या काठावर, दुसरा त्या काठावर, आणि मधून जहाजं ये-जा करताहेत. सर फळा भरून चित्र काढत. वर्गातल्या सगळ्यांत उंच पोराला दोन बाकांवर दोन पाय ठेवून उभं करत आणि बाकीचा वर्ग त्याच्या पायांखालून जहाजांसारखा ओळीने नेत. पोरं भोंगे वाजवत. शेजारच्या वर्गात मी त्रैराशिक शिकवत असे, ते त्या दिवसांत कोणाच्या डोक्यात शिरत नसे.

उन्हाळ्यात नदी आटली की सर वर्ग घेऊन जामच्या पात्रात उतरत. समजा, तो पुतळा इथे आहे, म्हणत. एक पाय पांढुर्ण्याचा, एक सावरगावचा. सावरगावची पोरं हटकून विचारत, उजवा पाय कोणाचा. उजवा तुमचा, सर सांगत, आणि पांढुर्ण्याची पोरं कुरकुर करत. मग सर पुतळ्याची गोष्ट सांगत. शहराला वेढा पडला होता, शत्रू हरून निघून गेला, जाताना हत्यारं आणि यंत्रं तिथेच टाकून गेला. लोकांनी ते सगळं विकलं आणि त्यातून हा देव उभा केला. ही गोष्ट सांगताना त्यांचा आवाज बारीक होई. गावात त्या पुतळ्याला पोरं डोंगरे सरांचा राक्षस म्हणत. मोठी होऊन दुकानं टाकलेली पोरंसुद्धा सर दिसले की विचारत, सर, राक्षस उभा आहे ना? सर म्हणत, उभा आहे.

वहिनी आजारी पडल्या तेव्हा त्यांना नागपूरला नेलं होतं. मी भेटायला गेलो होतो. सर खाटेशी बसून होते, सदरा तसाच इस्त्रीचा. वहिनींना बोलताना दम लागत होता, तरी त्यांनी माझ्यादेखत सरांना सांगितलं, बहुधा मी ऐकावं म्हणूनच.

"मी गेल्यावर पुलावर थांबाले काही कारण नाही राहणार तुमाले. मंग एकदा पुढं जा. मुरलीच्या घरी बसून जेवा. माहा जीव तेवढ्यातच अडकून राहिला."

सरांनी मान हलवली. वहिनी माझ्याकडे पाहून हसल्या, कारण ती मान त्यांनी लग्नापासून पाहिली होती.

वहिनी गेल्या. मुरलीधर स्मशानात आला होता, काळा चष्मा लावून. त्याने सरांच्या पाठीवर हात ठेवला आणि सरांनी मान फिरवली. मला तो प्रसंग पाहवला नाही. पुढे महिनोन्‌महिने सर संध्याकाळी पुलाच्या मध्यापर्यंत जात, कठड्याला टेकून उभे राहत आणि अंधार पडायच्या आधी परत फिरत. पलीकडून येणारं आता कोणी नव्हतं. येणारे-जाणारे नमस्कार करत आणि नजर चुकवत निघून जात. मला त्यांची दया येई, आणि रागही यायचा थांबत नव्हता. मेलेल्या बायकोचा एक शब्द राखायला पुलाचा अर्धा भाग ओलांडायचा होता, आणि तेवढं या माणसाच्याने होत नव्हतं.

त्यांची मुलगी वैशाली जर्मनीत नोकरीला आहे. ती मागे लागली की बाबा, इकडे या, थोडे दिवस राहा. सर म्हणाले, ते बंदर दाखवणार असशील तर येतो. आणि एकटा नाही येणार, सौंसरकर पाहिजेत. सौंसरकर म्हणजे मी. माझं आडनाव वेगळं आहे, पण सरांनी ते कधी वापरलं नाही. मी निवृत्त झालो होतो, घरात माझ्यावाचून कोणाचं अडत नव्हतं, म्हणून निघालो. विमानात सरांनी संत्रं सोललं, तेव्हा शेजारची गोरी बाई साल पाहतच राहिली.

ऱ्होड्सला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बंदराकडे चालत निघालो. जुन्या शहराभोवती दगडी तट आहे आणि तटाभोवती कोरडा खंदक. त्यात बागेसारखं गवत वाढलं आहे. त्या गवतात जागोजाग दगडाचे गोळे पडले होते, कलिंगडाएवढे, कुठे कुठे रचून ठेवलेले. वैशालीने सांगितलं, वेढ्याच्या वेळी तटावर फेकलेले आहेत. सर खाली उतरून एका ढिगाजवळ उभे राहिले. हात मागे बांधलेले. मी गंमत म्हणून म्हटलं, सर, इथेही गोटमार होत होती. ते हसले नाहीत. चला, म्हणाले आणि खंदकातून वर चढले.

बंदर सुरेख होतं. पाण्यात शिडाच्या होड्या, धक्क्यावर तीन पवनचक्क्या, टोकाला गोल किल्ला आणि दिवा. बंदराच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना एकेक दगडी खांब, आणि प्रत्येक खांबावर काशाचं हरीण. एकीकडे नर, एकीकडे मादी. लोक म्हणतात, पुतळ्याचे पाय इथेच होते. मधल्या पाण्यातून एक प्रवासी बोट भोंगा वाजवत आत आली.

सर या बाजूच्या खांबापाशी गेले आणि समोरच्या खांबाकडे पाहत उभे राहिले. मी मनात गणित मांडून पाहिलं. इतक्या फाकलेल्या पायांवर काशाचा एवढा भार, कमरेतूनच मोडला असता. पण बोललो नाही. सरांनी ते स्वतःच ताडलं होतं. वैशालीला त्यांनी विचारलं, इथले लोक काय म्हणतात? ती जरा चाचरली. मग म्हणाली, बाबा, दोन्ही काठांवर पाय ठेवून तो कधीच उभा नव्हता म्हणतात. ती मागाहून रचलेली गोष्ट आहे. तो एकाच बाजूला उभा होता, दोन्ही पाय जवळ घेऊन. नेमका कुठे, ते आता कोणाला ठाऊक नाही.

"एकाच बाजूले," सर म्हणाले.

वैशालीला बापाचा चेहरा पाहवेना. ती कॉफी आणते म्हणून निघून गेली. मी समजूत घालू लागलो की सर, पुस्तकात जे होतं ते तुम्ही शिकवलं, पोरांचं त्यात काही बिघडलं नाही, उलट ती पोरं अजून नाव काढतात. सर ऐकत नव्हते. बंदराच्या बाहेरच्या अंगाला समुद्राचा किनारा आहे. तिथे वाळू थोडी, गोटेच फार. करडे, गुळगुळीत, मुठीत मावतील एवढे. सर तिथे जाऊन बसले. मी शेजारी बसलो. मग त्यांनी एक गोटा उचलला. इतक्या वर्षांत त्यांच्या हातात दगड मी पहिल्यांदा पाहत होतो. त्यांनी तो तळहातावर फिरवला आणि बोटं त्याच्याभोवती मिटली.

"तो गोटा माहा होता, सौंसरकर."

ते समुद्राकडे पाहत सांगत राहिले. मुरलीधर पलीकडच्या काठावर पुढे आला होता, डोक्यावर नवी टोपी, सरांच्या लग्नातच मिळालेली. सरांना त्याची टोपी पाडायची होती. साळा होता, मजाक होती, पुलावरून पाहणाऱ्या बायकांत वहिनीही होत्या. सरांनी नेम धरला आणि गोटा सुटला तेव्हाच मुरलीधरने मान वर केली. गोटा जाताना त्यांनी शेवटपर्यंत पाहिला होता. दुसऱ्या कोणाचा असण्याची शक्यताच नव्हती.

"कोणी विचारलंच नाही," ते म्हणाले. "आपल्या इथं विचारतच नाहीत ना. विचारलं असतं तर त्याच दिवशी सांगितलं असतं. मंग एक दिवस गेला, एक महिना गेला. तिलेही नाही सांगितलं. तिकडं जाऊन जेवाले बसलो असतो तर काय तोंडानं घास घेतला असता? म्हणून मधातच थांबत होतो. वाटे, मधात थांबलो म्हणजे दोघाईकडचा झालो. मी कोणाकडचाच नव्हतो."

त्यांचे डोळे कोरडे होते, माझेच भरून आले. इतकी वर्षं ज्या रीतीला मी शहाणपण म्हणत होतो, तिने या माणसाला शिक्षा दिली नव्हती आणि माफीही मिळू दिली नव्हती. सरांनी तो गोटा फेकला नाही. वाकून होता तिथे परत ठेवला, आणि तळहात धोतराला पुसावा तसा पँटला पुसला. वैशाली कॉफी घेऊन आली तेव्हा ते म्हणाले, मले घरी जाचं आहे.

पांढुर्ण्याला परतल्यावर त्यांचा फोन आला. संध्याकाळी या, सोबत चला. मी म्हटलं, सर, घरातली गोष्ट आहे, मी कशाला? ते म्हणाले, तुम्ही सौंसरचे, ना इकडचे ना तिकडचे, तुम्ही राहिले म्हणजे मी मागं नाही फिरणार. मी दुपारचीच बस धरली.

पुलाच्या मध्यावर त्यांचे पाय सवयीने थांबले. हात कठड्यावर गेला. मी पुढे झालो नाही आणि मागेही सरलो नाही. पाण्याकडे पाहून त्यांनी सदरा नीट केला, आणि चालू लागले.

मुरलीधर अंगणात संत्र्यांच्या ढिगात बसला होता. आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्यात तोडणीला येणारा, माल निघत होता. एकेक फळ उचलून तो उजव्या डोळ्याकडे धरी, फिरवून पाही आणि क्रेटमध्ये टाकी. सरांना पाहून तो उठू लागला. सरांनी हातानेच बस म्हटलं आणि स्वतः उभेच राहिले. सुनेने पाणी आणलं, तेही घेतलं नाही. मग एका दमात सांगून टाकलं. टोपी, नेम, गोटा. सांगताना त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा स्वच्छ होता. शेवटी म्हणाले, हे सांगितल्याबिगर तुझ्या घरचं पाणी मले चाललं नसतं.

मुरलीधरच्या हातात एक फळ होतं. ते तो फिरवत राहिला, पाहून झालं होतं तरी. त्याची सून दारात थिजून उभी होती. सावरगावात असं बोलणं कोणी कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, आता हा उठेल, किंवा काहीतरी फार वाईट बोलेल, आणि त्याला तो हक्क होता.

"बसा ना, जवाईबापू," तो म्हणाला. मग फळ क्रेटमध्ये ठेवून, मान खाली घालूनच बोलला, "मी बी त्या दिवशी तुमालेच पाहून मारून राहिलो होतो. नवा जवाई होता ना तुम्ही. माहा नेम चुकला, एवढंच."

आणि आत पाहून त्याने सुनेला पानं वाढायला सांगितलं.

हे त्याने खरं सांगितलं की त्या घटकेला जमवलं, मला आजही ठरवता येत नाही. एवढं मात्र पाहिलं, की बोलताना त्याने चष्मा काढून हातात घेतला होता. विचारायचा मोह मला पुढे एकदोनदा झाला. पण मी शेवटी बाहेरचा, आणि त्या गावांची न विचारण्याची रीत निदान एवढ्यापुरती तरी पाळावी असं वाटलं. त्या संध्याकाळी पोळी, वांग्याची भाजी, वरण-भात असं साधंच जेवण होतं. सर जेवता जेवता रडत होते आणि रडता रडता जेवत होते. मुरलीधर त्यांच्या पानात आग्रहाने भाजी वाढत होता.

सर मागच्या उन्हाळ्यात गेले. झोपेतच गेले, कोणाला त्रास दिला नाही. मुरलीधर त्यांच्या दारी सगळ्यांच्या आधी पोचला होता, असं कळलं. मला खबर उशिरा लागली, त्यामुळे शेवटचं दर्शन झालं नाही. त्याची हळहळ आहे. पण त्याच्या काही आठवडे आधी मी एका लग्नासाठी पांढुर्ण्याला गेलो होतो, तेव्हा ते मला दिसले होते.

उन्हं उतरली होती आणि माझी रिक्षा पांढुर्ण्याकडून सावरगावकडे पूल ओलांडत होती. समोरून दोघं म्हातारे चालत येत होते. पुलावर मोटारसायकलींची गर्दी, कोणी कोणाला जुमानत नव्हतं. मुरलीधर कठड्याच्या बाजूने चालला होता आणि सर त्याच्या डावीकडे, ज्या बाजूचं त्याला दिसत नाही त्या बाजूला, गाड्यांच्या आणि त्याच्यामध्ये. हात धरलेला नव्हता. मुरलीधर काहीतरी सांगत होता, सर एक कान त्याच्याकडे आणि डोळे रस्त्यावर ठेवून ऐकत होते. मोटारसायकल जवळून गेली की खांद्याने त्याला जरासं आत घेत.

मी रिक्षातून हात केला. सरांनी पाहिलं, हनुवटी उचलून ओळख दिली, पण ती बाजू सोडून माझ्याकडे आले नाहीत. मी वळून मागे पाहत राहिलो. पुलाचा मध्य जवळ आला तसं माझं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. ते थांबले नाहीत. बोलत बोलत दोघंही पांढुर्ण्याच्या बाजूला, सरांच्या घराकडे निघून गेले.